कोन्सूबायला झोप लागली

उत्तर कोकणात एक लहानशी खाडी समुद्राला मिळते, तिथे केवडदांडा नावाचं कोळ्यांचं गाव होतं. निम्मी घरं ख्रिस्ती, निम्मी हिंदू. गावामागे केवड्याची दाट बनं, आणि बनांच्या वर एक बुटकी टेकडी. टेकडीवर फार जुनं एक छोटं प्रार्थनामंदिर होतं. गावकरी त्याला कपेल म्हणत. त्याचं अर्धं छप्पर कोसळलं होतं, घंटेचा मनोराही ढासळला होता. वेदीपुरती कौलं तेवढी शाबूत होती. त्या वेदीच्या आडोशाला पाद्रीमहाराज येऊन राहिले.

महाराज कुठून आले, कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अंगावर विटलेला तपकिरी झगा, जवळ एक चटई, एक मातीचा घडा आणि गळ्यात चिंचेच्या लाकडाचा क्रूस, एवढाच त्यांचा संसार. ख्रिस्ती लोक त्यांना फादर म्हणत. हिंदू कोळी 'पाद्रीमहाराज' म्हणू लागले, आणि हळूहळू तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

महाराज फार बोलत नसत. त्यांचं वेगळेपण एवढंच की त्यांच्याजवळ जाऊन बसलं की माणसाला जांभई येई! हसू नका, भाविकहो. ज्याचं मन दिवसभर करकचून आवळलेलं असे, त्याचे खांदे तिथे आपोआप सैल पडत. रडून रडून लाल झालेली तान्ही बाळं आया टेकडीवर घेऊन येत. महाराज त्यांच्या कपाळावर बोटाने लहानसा क्रूस काढत, आणि बाळ आईच्या पदरात मान टाकी. "मी काही करत नाही गं," महाराज म्हणत, "इथे प्रभू बसलेला आहे. त्याच्या सावलीत बाळाला झोप येते, एवढंच."

याच गावात कोन्सूबाय राहत असे. तिचा नवरा इनास मिंगेल तांडेलच्या होडीवर होता. मिंगेल त्या होडीचा मालक आणि तांडेलही. वारा, पाणी, वाट सगळं त्याच्या हुकमात. त्याचा धाकटा भाऊ पावलू त्याच होडीवर वल्ही मारी. थंडीच्या दिवसांत केवडदांड्याला पहाटे असं धुकं पडतं की स्वतःचा हात दिसत नाही. खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. कासवाच्या पाठीसारखा दिसतो म्हणून त्याला कासव म्हणतात. धुक्यात होड्या त्यावर आपटू नयेत म्हणून बायका किनाऱ्यावर उभ्या राहून पितळी थाळ्या वाजवत, आणि त्या आवाजाच्या रोखाने होड्या आत येत.

एका हिवाळ्यात कोन्सूबाय तापाने फणफणली होती. त्या रात्री समुद्रावर मिंगेलची एकच होडी होती, आणि थाळीची पाळी कोन्सूबायची होती. पहाटेकडे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ती धडपडत किनाऱ्यावर पोचली, पण तोवर होडी कासवावर फुटली होती. इनास गेला. पावलू गेला. मिंगेल तेवढा एका फळीला धरून किनाऱ्याला लागला. वाळूत उभा राहून, ओठ निळे पडलेल्या त्या माणसाने सगळ्या गावादेखत कोन्सूबायकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "थाळी वाजली नाही."

त्या दिवसापासून कोन्सूबायची झोप उडाली.

कपेलच्या ढासळलेल्या मनोऱ्याखाली जुनी घंटा मातीत पडून होती. कोन्सूबायने ती गावाकडून मागून घेतली आणि किनाऱ्यावर दोन खांब रोवून टांगली. मग ती रोज त्या घंटेपाशी बसू लागली. धुकं असो नसो, होड्या बाहेर असोत नसोत, तिचे डोळे समुद्रावर. दिवसा लोकांची मासळी साफ करून द्यायची, संध्याकाळ झाली की गुडघ्यांत डोकं घालून घंटेची दोरी मनगटाला गुंडाळून बसायचं. पापणी जड झाली की ती दचकून दोरी ओढी. गावाला त्या आवाजाची सवय झाली. होड्या सुखरूप येत, मासळी उतरे, बाजार भरे. दोरी ओढणाऱ्या बाईचे डोळे किती खोल गेले आहेत, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते मिंगेलने, आणि तेही हिणवायला. त्याने नवी, आधीपेक्षा मोठी होडी बांधली होती. देवळाच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या, सणाची पालखी त्याच्या खांद्यावर असे, आणि मिस्सा म्हणजे तिथली उपासना संपल्यावर लोक त्याच्याशी बोलायला थांबत. कोन्सूबाय समोरून गेली की तो मुद्दाम मोठ्याने म्हणे, "काय बाय, आज जागी आहेस ना? नाहीतर एखादी होडी सांग, तीही बुडवून टाकू!" लोक ओशाळं हसत. कोन्सूबाय पदर डोक्यावर ओढून खाली मान घालून पुढे जाई. तिला राग येत नसे. तो म्हणतो ते खरंच आहे, असं तिला वाटे.

एका शनिवारी संध्याकाळी मासळीची टोपली उचलता उचलता ती कोलमडली. दोघीतिघींनी तिला धरून टेकडीवर नेलं आणि महाराजांसमोर बसवलं. महाराजांनी घड्यातलं पाणी तिला पाजलं. बायका खाली उतरल्या. फुटक्या छपरातून आभाळाचा एक तुकडा दिसत होता, काचेसारखा स्वच्छ.

"बाय," महाराज म्हणाले, "किती दिवस झाले झोपून?"

"आठवत नाही, महाराज."

"झोप येत नाही, की घेत नाहीस?"

कोन्सूबायच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "एकदा झोपले त्याचं काय झालं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. डोळे मिटले की मला ती फळी दिसते, महाराज. इनास दिसतो. मी झोपले की कुणीतरी मरतं."

"म्हणजे समुद्रावरची सगळी माणसं तुझ्या दोन पापण्यांवर तोलली आहेत?"

कोन्सूबायने पदराने डोळे पुसले.

महाराजांनी आपली चटई उचलली आणि वेदीसमोर अंथरली. झग्याची बाही फरशीवर फिरवून त्यांनी चटईच्या कडेचे खडे बाजूला सारले. एखादी आई लेकरासाठी करील तसं. मग म्हणाले, "प्रभूही एकदा नावेत झोपला होता. वादळ होतं, पाणी आत येत होतं, शिष्य ओरडत होते, आणि तो डोकं टेकून स्वस्थ झोपला होता. बापाच्या हातात आहोत हे त्याला माहीत होतं. तोच सांगतो, थकलेली, वाकलेली माणसं माझ्याकडे या. ओझं नीट बांधून आणा असं नाही सांगत तो. नुसतं या म्हणतो. आज पहारा त्याच्याकडे दे."

कोन्सूबाय चटईकडे पाहत राहिली. एवढ्यात कपेलच्या दाराशी पावलं वाजली. मिंगेल तांडेल होता. समुद्रावर निघण्याआधी कपेलच्या पायरीला नारळ ठेवायची कोळ्यांची रीत, ती पाळायला आला होता.

"उद्या रविवार आहे, मिंगेल," महाराज म्हणाले. "गावातल्या सगळ्या होड्या वाळूवर आहेत. तू का निघालास?"

"रविवारी मासळीला भाव चढतो, पाद्रीबाबा. विसावा कामचुकारांना. मला नको." मग त्याला चटई दिसली, कोन्सूबाय दिसली, आणि तो मोठ्याने हसला. "असं होय! ही बाय आज झोपणार? बरं आहे. मागच्या वेळी घरात झोपली होती, या वेळी देवासमोर झोपेल. पाद्रीबाबा, लोकांना जागं करायचं सोडून तुम्ही झोपायला शिकवता!"

कोन्सूबाय उठली. "महाराज, मला जाऊ द्या. ह्यांची होडी बाहेर जातेय. मी झोपू कशी?"

"ऐकलंस, मिंगेल?" महाराज हळू आवाजात म्हणाले. "तुझ्यासाठी उठतेय ती."

मिंगेलचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो जास्तच चिडला. "तिच्या घंटेवर मी जगत नाही! खाडी माझ्या तळहातासारखी आहे मला. आणि वारा उत्तरेचा आहे, धुक्याचं नाव नाही." असं म्हणून तो तरातरा उतरून गेला. किनाऱ्यावरून होडीकडे जाताना घंटा वाटेत होती. काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने आत हात घालून घंटेचा लोखंडी लोलक आकड्यावरून काढला आणि आपल्या होडीच्या तळाला फेकला. "तिला झोपायचंय ना? मग हिलाही झोपू दे," तो म्हणाला. त्याचा जुना खलाशी बस्त्याव ते पाहत होता. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, पण तांडेलापुढे बोलण्याची त्याची हिंमत झाली नाही. शीड चढलं आणि होडी मावळतीच्या तांबड्या पाण्यात निघून गेली.

टेकडीवर महाराजांनी कोन्सूबायला पुन्हा बसवलं. "बाय, त्याच्यासाठी तुला वाटतं ते प्रभूला सांग. मग सोडून दे. तोही त्याच्याच हातात आहे."

कोन्सूबायने हात जोडले. ती एवढंच म्हणाली, "येशू बाबा, मिंगेल तांडेल बाहेर आहे. बस्त्याव आहे. मला आता होत नाही. तू बघ."

ती चटईवर कलंडली. मनगटावर दोरीचे वळ होते. महाराजांनी त्यावर आपल्या झग्याचं टोक पसरलं. केवड्याचा वास वर येत होता, दूर भरतीचं पाणी वाळूवर येऊन सावकाश परत जात होतं. आणि भाविकहो, त्या बाईला झोप लागली! कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, मूठ उघडली, श्वास खोल गेला. महाराज तिच्याजवळ जपमाळ घेऊन बसले आणि तिथून हलले नाहीत.

पहाटे वारा पडला. पाण्यातूनच उगवावं तसं धुकं उगवलं. आधी पांढरे धागे, मग कापसाचे पुंजके, आणि बघता बघता समुद्र, आभाळ, होडी, सगळं एकच पांढरं झालं. मिंगेलची होडी खाडीच्या तोंडाजवळ होती. बस्त्याव होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर होता, पण सुकाणूपाशी बसलेल्या मिंगेलला तो दिसत नव्हता. त्याचा आवाज तेवढा येत होता.

"तांडेल, नांगर टाकू या. ऊन येईपर्यंत थांबू."

मिंगेलच्या अंगावर काटा आला. नेमके हेच शब्द त्याने पूर्वी एकदा ऐकले होते. "टाक," तो घाईने म्हणाला, "टाक लवकर!"

नांगर गेला. दोर ताणला, करकरला आणि तुटला. भरतीची ओढ होडीला आत खेचू लागला. वल्ही मारायची, पण कुठल्या दिशेने? तेवढ्यात पांढऱ्या अंधारात कुठेतरी एक आवाज येऊ लागला. पाणी खडकाच्या कपारीत शिरून चुळकन बाहेर येतं, तसा. कासव! जवळच होता, पण उजवीकडे की डावीकडे, कळेना.

"घंटा का वाजत नाही?" बस्त्याव रडवेला होऊन म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. कारण घंटेचा लोलक मिंगेलच्या पायाशी, जाळ्याच्या ओल्या गुंडाळीत पडला होता.

मिंगेलने तो उचलला. लोखंड बर्फासारखं गार लागलं. आपण काय केलं ते त्याला समजलं, आणि त्याच्या आत इतके दिवस घट्ट बांधून ठेवलेलं काहीतरी सुटलं. "पावलू," तो पुटपुटला. मग त्याने मान वर केली. सणाच्या दिवशी खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणणारा तो माणूस आता जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "प्रभू, मी नालायक आहे. बस्त्यावला तरी वाचव."

आणि घंटा वाजली.

एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. कोन्सूबायची घंटा नेहमी घाबरी वाजे, एकात एक गुंतलेली. हा नाद सावकाश होता. अंगणात उभं राहून कुणी घरच्या माणसाला नावाने हाक मारावी, आणि तो येईल याची खात्री असावी, तसा. धुक्यात तो नाद पसरला की तेवढ्यापुरतं धुकं उजळल्यासारखं वाटे.

"तांडेल," बस्त्याव कुजबुजला, "लोलक..."

"माझ्या हातात आहे," मिंगेल म्हणाला. "वल्ही मार. आवाजाकडे मार."

दोघांनी वल्ही मारली. कासवाची काळी पाठ हाताच्या अंतरावरून, शेवाळाचा वास सोडत, निमूट मागे गेली. पाणी शांत झालं. मग तळाला वाळू लागली, आणि घंटा थांबली.

मिंगेल होडीतून उडी मारून धावला. खांबांपाशी कुणी नव्हतं. दोरी सरळ लोंबत होती, तिच्यावर दंवाचे थेंब होते, एकही सांडलेला नव्हता. भोवतालची वाळू भरतीने धुऊन नेल्यासारखी कोरी होती. त्याने घंटेवर तळवा ठेवला. आत लोलक नसलेली ती घंटा अजून थरथरत होती, आणि ऊन लागल्यासारखी कोमट होती. मिंगेल तसाच तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. थरथर हळूहळू विझली.

तो टेकडी चढू लागला. कपेलच्या दारातून धुकं आत शिरलं होतं आणि वेदीपाशी गुडघाभर साचलं होतं. त्यात महाराज बसले होते, आणि चटईवर कोन्सूबाय झोपली होती. महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं.

"महाराज," मिंगेल म्हणाला. त्याने त्यांना महाराज म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. "घंटा कोणी वाजवली?"

"मला विचारतोस? मी इथून उठलो नाही. बायने तर कूसही बदलली नाही."

मिंगेलच्या हातातून लोलक गळून फरशीवर पडला. तो महाराजांच्या पायांवर कोसळायला गेला, पण महाराजांनी पाय मागे घेतले. "माझं काय त्यात! बोल, काय बोलायचंय ते."

"त्या पहाटे..." मिंगेलला धाप लागली होती. "त्या पहाटे पावलू म्हणाला होता, दादा, नांगर टाक, थांबू. इनासही तेच म्हणाला. मी म्हटलं, मला वाट ठाऊक आहे. मीच होडी आत घातली, महाराज. थाळी वाजत नव्हती, म्हणजे थांबायलाच हवं होतं. दोघं गेले. मी वाचलो. आता हे कुणाला कळणार, म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवलं. रोज दाखवत राहिलो. तिची घंटा ऐकली की मला पावलूचा आवाज ऐकू यायचा."

महाराजांचे डोळे भरून आले. "तुझ्याच्याने पेलवेना म्हणून तू ते तिच्या डोक्यावर ठेवलंस," ते म्हणाले, "आणि तिने ते बिनतक्रार उचललं. रात्रंदिवस वागवलं. आज तिने खाली ठेवलं आहे. तूही ठेव. उचलणारा दुसरा आहे, तो आपणहून पुढे आला आहे. पण आधी हिची क्षमा माग. ती उठेपर्यंत थांब. उठवू नकोस."

मिंगेल उंबऱ्यावर बसून राहिला. खाली देवळात मिस्सेची वेळ झाली. गाव लोटलं, पालखीचा मानकरी कुठे दिसेना म्हणून लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. बस्त्यावने पहाटेची हकीकत सांगितली आणि लोक मिस्सा आटोपून चिडीचूप टेकडीवर आले. कपेलभोवती माणसं उभी होती आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. एका बाईला झोपू देण्यासाठी सगळं गाव श्वास धरून उभं होतं! धुकं विरलं. कौलांच्या फटीतून ऊन उतरलं आणि चटईवर सरकत सरकत कोन्सूबायच्या चेहऱ्यावर आलं.

तिने डोळे उघडले. आधी तिला काही कळेना. मग ती धडपडून उठली. "धुकं पडलं होतं का? महाराज, होडी?"

"होडी आली, बाय," मिंगेल म्हणाला.

तो उंबऱ्यावरून उठला. सगळ्या गावादेखत तो चटईपर्यंत आला, गुडघे टेकले आणि कपाळ तिच्या पायांजवळ फरशीला लावलं. जे महाराजांना सांगितलं होतं ते त्याने तिला सांगितलं. या वेळी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नांगर टाक म्हणणारा पावलू, थांबू म्हणणारा इनास, सगळं. "तू झोपली होतीस म्हणून नाही गेले ते. मी थांबलो नाही म्हणून गेले. मला क्षमा कर."

कोन्सूबाय बराच वेळ त्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे पाहत राहिली. रडणं, राग, काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. खूप झोपून उठलेल्या माणसाचं ते निवांत भान होतं.

"इनास शेवटी काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणाला, कोन्सूला ताप आहे, आज ती नाही आली तेच बरं."

तेव्हा मात्र कोन्सूबायला रडू फुटलं. ती रडत रडत पुढे झाली आणि तिने आपला हात मिंगेलच्या डोक्यावर ठेवला. "ऊठ, तांडेल," ती म्हणाली. "तूही झोपला नसशील कधीचा. घरी जा. झोप."

पण तो उठला नाही. त्याचं कपाळ फरशीला टेकलेलंच होतं, खांदे हलत होते, आणि हळूहळू ते हलायचे थांबले. लोक घाबरून पुढे झाले. महाराजांनी वाकून पाहिलं आणि हसून हात वर केला.

"असू द्या, झोप लागली आहे त्याला," महाराज म्हणाले. "प्रभूच्या पायाशी आहे तो."